मागच्या खोलीतला जवा

सेराफिना, तुला मातीत ठेवून आम्ही घरी आलो. चहा झाला, बस्त्याव जरा आडवा झाला, आणि मी पहिलं काम काय केलं असेल तर तुझ्या खोलीचं कुलूप काढून पलंगाखाली वाकून पाहिलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "ताई, अजून शोधून राहिल्या का?" पलंगाखाली एकात एक घातलेल्या तीन टोपल्या, एक चाळण आणि घडी घातलेली गोणपाटं होती. बाकी काही नव्हतं. काय सापडायला हवं होतं ते मलाही सांगता येणार नाही. तरी मी गादी उचलून पाहिलीच.

मला फक्त एक गोष्ट हवी होती, आणि ती न सांगता तू गेलीस. त्या टोपल्यांत तू दर सप्टेंबरला जे रुजवायचीस ते कुणासाठी होतं? आमच्या मेरीमातेसाठी, की तुमच्या करम देवासाठी? मेरीमातेसाठी आहे असं मी सगळ्या पॅरिशसमोर माझ्या तोंडाने सांगितलं होतं. तू मला खोटं पाडलंस की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. ते कळेपर्यंत मला तुझ्यासाठी धड रडताही येत नाही, आणि त्याचाही मला राग येतो.

तुला माहीतच आहे, मी जन्माची संशयी. दूधवाल्याच्या मापावर माझा विश्वास नाही आणि फादरांच्या गोड बोलण्यावर तर मुळीच नाही. माझा नवरा असून बस्त्याव म्हणतो, स्वर्गाच्या दारात पोचले की मी संत पीटरची किल्लीसुद्धा उलटीपालटी करून बघेन. तू पहिल्यांदा आमची मागची खोली भाड्याने घ्यायला म्हणून बघायला आलीस तेव्हा हातात पत्र्याची ट्रंक होती आणि तोंडात नागपूरची मराठी. रांचीकडची बाई, इथे बंगळुरात यलहंक्याच्या नर्सिंग होममध्ये नर्स, आणि बोलते मात्र "येऊन राहिली, करून राहिली". माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. तू म्हणालीस, नागपूरच्या मिशन हॉस्पिटलात बरीच वर्षं काढली. मी बस्त्यावला चौकशी करायला लावली. खरं निघालं, आणि माझा थोडा विरस झाला.

आपली गट्टी जमली ती यात्रेवरून. मेरीमातेच्या वाढदिवसाला यलहंक्याहून पायी निघायचं आणि शहरातल्या तिच्या मोठ्या देवळापर्यंत जायचं. मला आधी ते भगवे कपडे घालून चालणारे ख्रिस्ती भाविक बघूनच धसका बसला होता. वसईला आमच्याकडे असलं काही नव्हतं. मग सवय झाली. देवळाजवळ पोचलं की प्रत्येक भाषेचा गट आपापला फलक घेऊन आत शिरायचा. तमिळ, कन्नड, मलयाळी, कोंकणी. आम्हा वसईच्या मूठभर लोकांना कोंकणीत ढकलायचे, कारण आमचं पोर्तुगीज आडनाव ऐकलं की कुणी पुढचं ऐकतच नसे. मी दर वर्षी सांगायची, आम्ही मराठी आहोत. समितीचे अध्यक्ष मान हलवून म्हणायचे, एकच की ते. त्या पहिल्या वर्षी मी अशीच फणफणत उभी होते आणि मागून तुझा आवाज आला, "ताई, तुम्हाला तरी शेजारच्या भाषेत घातलं. मला हिंदीत घातलं. हिंदी मला शाळेत मारून शिकवली होती."

मी हसले. पण घरी येईपर्यंत विचार करत होते की या बाईला फलकाचं एवढं काय? मला राग येतो कारण माझी मुलं घरात इंग्रजी बोलतात, रस्त्यावर कन्नड बोलतात आणि वसईची आमची बोली ऐकली की फिदीफिदी हसतात. तुला तर मूलबाळ नव्हतं. तू कुणासाठी भांडतेस, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

त्याच दिवशीची आणखी एक गोष्ट. माझ्या टाचेला फोड आला होता. देवळाच्या आवारातल्या नळापाशी तू मला बसवलंस, परातीत पाणी घेतलंस आणि माझा पाय धरलास. मी पाय ओढून घेतला. परक्या बाईने पाय धुवायला घेतले की ती पुढे काय मागणार, हाच विचार माझ्या डोक्यात. तू म्हणालीस, आमच्याकडे पाहुण्याचे पाय धुतात, लांबून चालून आलेल्याचे तर धुतातच. तू शांतपणे पाय पुन्हा ओढलास, धुतलास, पदराने पुसलास आणि काहीच मागितलं नाहीस. मी आठवडाभर वाट पाहिली. मग मीच मागितलं. बस्त्यावला रोज इन्सुलिन टोचायला कुणी नव्हतं. शेवटच्या आजारात पडेपर्यंत तू एकही सकाळ चुकवली नाहीस.

पुढे रविवारी दुपारी तुझ्याकडे पोरी यायला लागल्या. कुणी नव्या सोसायट्यांत घरकामाला, कुणी एखाद्या म्हातारीची देखभाल करायला. त्या तुला कुठे भेटायच्या ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. बस स्टॉपवर एखादीचा चेहरा बघून तू तुमच्याकडचा नमस्कार म्हणून हळूच "जोहार" म्हणायचीस, आणि जी दचकून वळायची तिला घरी घेऊन यायचीस. त्या काळात गावाकडून पोरी आणून कामाला लावणारे दलाल फिरत होते. मला वाटलं, ही त्यातलीच. मी स्वयंपाकघरातून कानोसा घेत राहिले. आतून फक्त गाणी ऐकू यायची. तू एक ओळ म्हणायचीस, पोरी चुकत चुकत मागून म्हणायच्या, तू पुन्हा म्हणायचीस. दलाल गाणी शिकवत नाहीत, एवढं मला पटलं. पण नर्सबाई तरी गाणी का शिकवते?

मग एका वर्षी यात्रेआधीची नऊ दिवसांची नोव्हेना सुरू झाली त्या दिवशी तू वाळू आणलीस. सिमेंटच्या पिशवीत, रिक्षाने. खोलीच्या खिडकीला आतून चादर लावलीस. रात्रपाळीची बाई दिवसा झोपायला अंधार करते हे मी समजू शकते, पण अंधार करून तू झोपत नव्हतीस. संध्याकाळी पोरी आल्या, दार लागलं, आणि हळदीचा वास आला. कुठंतरी पाणी मुरतंय हे माझ्या लक्षात आलं. त्या जुन्या दाराच्या फळ्यांत फट होती, ती तुलाही माहीत होती. मी बघितलं. पुढच्या वर्षीही बघितलं. माझ्या घराच्या खोलीत काय चालतं ते बघायचा मला हक्क आहे, असं मी आजही म्हणते.

आठवड्याने तू स्वतःच मला आत बोलावलंस आणि गोणपाट बाजूला केलंस. टोपलीभर पिवळेजर्द अंकुर, बोटभर उंच, मऊ. बंगळुरात जव पुरेसे मिळाले नाहीत म्हणून त्यात गहू आणि मका मिसळला होतास. याला जवा म्हणतात, म्हणालीस. उजेड लागला की हिरवा होतो, मग तो डोक्यात माळत नाहीत. मी विचारलं, हे कुठल्या देवाचं? तू म्हणालीस, "देवाला लागते, ताई. डोक्यालाही लागते." हे काही उत्तर झालं नाही. पण त्या दिवशी जवा इतका सुंदर दिसत होता की मी पुढे विचारलं नाही.

तुला तुमच्या लोकांचा वेगळा गट हवा होता. तुमचं गाणं, एअर फोर्समधल्या कुणाकडचा मांदर ढोल, लाल काठाच्या पांढऱ्या साड्या आणि केसांत जवा. मी तेव्हा यात्रेच्या समितीत होते. फादरांनी पॅरिशच्या भर सभेत मलाच विचारलं, हे रोप काय आहे, यामागे काही जुनी पूजाबिजा नाही ना? मी म्हटलं, आम्ही अबोली माळतो, त्या जवा माळतात. मातेच्या वाढदिवसाची फुलं आहेत, मी बघितली आहेत, माझी जबाबदारी. बघितली होती हे खरंच होतं, फटीतून का होईना. त्या वर्षी तुम्ही हात हातात गुंफून, डुलत, आपल्या गाण्यावर देवळात शिरलात, आणि लोक रांगा मोडून बघत राहिले. मला आपल्या पोरीचं लग्न लागल्यासारखं झालं. मी मात्र कोंकणीच्या फलकाखालीच होते.

पिंपळाची भानगड झाली ती गेल्या वर्षी. यात्रेच्या आदल्या संध्याकाळी मागच्या अंगणात पोरींनी बादलीत वाळू भरून एक फांदी रोवली आणि तिच्याभोवती नाचायला लागल्या. कुंपणापलीकडे आमची शारदक्का. तिच्या घराण्याला इथे येऊन तीनशे वर्षं झाली म्हणते, आणि त्या हिशोबाने अजून मराठी बोलते, कानडी मिसळून. तिने कुंपणावरून हाक मारली, "काय गं, तुमच्या पोरी पिंपळाला पुजायला लागल्या? सरी सरी, चांगलं झालं. पण पिंपळाची फांदी तोडत नाहीत म्हणावं, स्वल्प कळायला हवं." ती मनापासून खूश झाली होती, आणि तिने ते दुसऱ्या दिवशी गल्लीभर सांगितलं.

अगुस्तिनाने, तुझ्या लाडक्या अगुस्तिनाने, ती फांदी जमिनीला न टेकवता कुठूनशी आणली होती. पोर आसामच्या चहामळ्यात जन्मलेली, करमचं झाड तिने पाहिलेलंच नव्हतं. पानं बदामाच्या आकाराची असतात एवढं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पिंपळाचीही तशीच असतात. तू एक पान तोडून बराच वेळ हातात धरलंस. मग हसायला लागलीस, आणि हसता हसता तोंडाला पदर लावलास. मला वाटलं, पोरींच्या अडाणीपणावर रडतेस.

पण तोवर माझ्या डोक्यात दुसराच उजेड पडला होता. पोरींच्या बोलण्यात करमचं नाव आलं होतं, म्हणजे हा करमच होता. भाद्रपदातला तुम्हा उरांव आदिवासींचा सण, करमची फांदी अंगणात रोवून तिच्याभोवती नाचण्याचा. जवा त्याचाच. शारदक्काच्या तोंडून निघालेली गोष्ट देवळापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. यात्रा पार पडली, पण पुढच्याच रविवारी समितीने मला बोलावलं. अध्यक्षांनी सौजन्याने विचारलं की मी फसले होते, की मला ठाऊक होतं? दोन्हींतलं काहीही कबूल केलं तरी मी तोंडावर पडणार होते. मी म्हटलं, विचारून सांगते, आणि तरातरा घरी आले.

तू कपडे वाळत घालत होतीस. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. म्हटलं, सरळ सांग, ही पूजा कुणाची? तू कुणाची?

तू चिमटा लावायची थांबलीस. "ताई, तुम्ही मला विचारून राहिल्या, मी कोणाची. मी त्या पोरींना दर रविवारी विचारते, तुम्ही कोणाच्या. एक म्हणते आसामची. एक म्हणते हिंदीवाली. एक तर मालकिणीचंच आडनाव सांगते. त्यांना झाड ओळखता येत नाही. मी काय करू, सांगा."

मी म्हटलं, हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. तू म्हणालीस, बरोबर आहे, नाही. शांत व्हा, एक दिवस बसून सांगते. मग तो दिवस आलाच नाही. समितीला मी काहीच कळवलं नाही, त्यांनी मला पुढच्या बैठकीला बोलावलं नाही. तू रोज सकाळी येऊन बस्त्यावला इंजेक्शन देत राहिलीस, मी तुझ्यासमोर चहाचा कप ठेवत राहिले, आणि दोघी हवेबद्दल बोलत राहिलो. ताकास तूर लागू द्यायची नाही हे तुला छान जमायचं. मला ते कधीच जमलं नाही, म्हणून मी गप्प बसले.

आणि मग कावीळ. आयुष्यभर दुसऱ्यांना सलाइन लावत फिरलीस आणि स्वतःची कावीळ डोळ्यांत उतरेपर्यंत लपवलीस. तेसुद्धा लपवलंसच. नर्सिंग होममध्ये तुझ्या उशाशी बसले होते तेव्हा एकदा विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तू डोळे उघडून म्हणालीस, साहेबांची सुई बदलली का? मी हो म्हटलं. तेच आपलं शेवटचं बोलणं.

एसटीडी बूथवरून तुझ्या भावाला फोन लागेपर्यंत आणि तो गाडीने इथे पोचेपर्यंत तुला मातीत ठेवून झालं होतं. शांत माणूस. तुझ्यासारखंच कपाळ. जेवण झाल्यावर मी त्याला बसवून घेतलं. त्याला माझ्याबद्दल काय वाटलं असेल ते असो, मी विचारलंच. म्हटलं, तुमच्या घरात करम कसा करतात?

तो म्हणाला, आमच्या घरात? आमचे वडील गावचे प्रचारक होते, चर्चचे. आमच्याकडे करमचं नावही काढायचं नाही. शेजारच्या पाड्यावर ढोल वाजायला लागला की वडील दार लावून रोझरी सुरू करायचे. एकदा सेराफिना लहान असताना पळून जाऊन केसांत जवा खोवून आली होती. वडिलांनी तो उपटून चुलीत टाकला आणि तिला खूप मारलं. त्यानंतर ती कधी गेली नाही. पुढे चर्चमध्येच हळूहळू ढोल आले, जवाही आला, पण तोवर ती नागपूरला निघून गेली होती.

मी त्याला तुझ्या मागच्या खोलीतलं सगळं सांगितलं. फटीतून पाहिलेलं एकूण एक. पेरणी झाली की सगळ्या पोरी टोपलीची कड धरायच्या आणि प्रत्येक पोर आपल्या गावाचं नाव घ्यायची. जिला गाव माहीत नाही ती मळ्याचं नाव घ्यायची, आणि जिला तेही माहीत नाही तिला तू तुझं गाव द्यायचीस. मग नमो मरियाची प्रार्थना. ऐकून तो म्हणाला, "असं कुठेच करत नाहीत. हे तिने इथेच बनवलं असेल."

सेराफिना, त्या दिवसापासून माझी झोप गेली आहे. मी इतकी वर्षं संशय घेतला तो चुकीच्या गोष्टीचा. मला वाटत होतं, तू जुना देव साडीत लपवून आमच्या देवळात आणतेस. तुझ्याकडे जुनं काही नव्हतंच! लहानपणी कुडापलीकडून ऐकलेला ढोल होता, चुलीत जळलेली मूठभर रोपं होती, आणि बाकीचं तू जोडत गेलीस, थोडं पोरींकडून, थोडं ऐकीव, थोडं मनाचं. ते पिंपळाचं पान तू इतका वेळ का धरून होतीस, हाही संशय आता मला येतो. तुला तरी करम ओळखता येत होता का? मला वाटतं, नव्हता येत. मला वाटतं, तू स्वतःवरच हसत होतीस आणि स्वतःसाठीच रडत होतीस. मला का नाही सांगितलंस? मी काय ते जाऊन समितीत वाचून दाखवणार होते? बरं, कदाचित दाखवलं असतं. तुझाही माझ्यावर संशय होता, आणि तो अगदीच अस्थानी नव्हता. पण मी तुझ्यावर माया करत होते, हे तुला कळायला हवं होतं. मी ते बोलले नाही. आता बोलते.

काल नोव्हेना सुरू झाली. संध्याकाळी दार वाजलं. बाहेर अगुस्तिना आणि चार-पाच पोरी, सिमेंटच्या पिशवीत वाळू घेऊन. मला वाटलं, सहानुभूती दाखवून खोली फुकट वापरायला मागतील. त्यांनी तेच मागितलं. पण खोली उघडून दिल्यावर त्या तशाच उभ्या राहिल्या. मग अगुस्तिना खाली बघत म्हणाली की त्यांना नीट येत नाही. त्या मालकिणींकडून सुटून उशिरा पोचायच्या, गाणं म्हणायच्या, तू सांगशील तेव्हा कड धरायच्या. बाकीचं तू एकटी करायचीस. आधी काय, नंतर काय, हळद किती, झाकायचं कधी, कुणालाच ठाऊक नाही. तिने विचारलं, ताई, तुम्ही कधी बघितलं होतं का?

मी पदर खोचला. वाळू चाळणीने चाळून घ्यायला लावली. धान्य रात्रभर भिजवलेलं आहे ना ते दाताखाली धरून पाहिलं. हळदीचं पाणी कोमट हवं, गरम नको, आणि ते ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं. गोणपाट दुहेरी. खिडकीच्या कोपऱ्यातून उजेड येतो तिथे चिंधी कोंबायची. मी सांगत गेले आणि पोरी करत गेल्या, आणि एकदाही मला आठवायला थांबावं लागलं नाही. संशयाने बघणाऱ्या माणसाच्या नजरेतून काही सुटत नाही. पेरून झाल्यावर मी त्यांना टोपलीची कड धरायला सांगितली, आणि एकेक गाव यायला लागलं. एका नव्या पोरीला गाव सांगता येईना, तिला मी तुझं दिलं.

नमो मरिया संपली. अगुस्तिना हात पुसत माझ्याजवळ आली. ती हळू आवाजात बोलली, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"ताई, तिकडे आमच्या गावांना असंच करतात ना? अगदी पहिल्यापासून?"

उभ्या आयुष्यात मी कुणाला जाणूनबुजून खोटं सांगितलेलं नाही, सेराफिना. मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, हो, अगदी असंच करतात.